सातवीच्या वर्गातला तराजू

आम्रपाली तांबे महिपतशेठच्या दुकानात शिरली ती चिकटपट्टी घ्यायला. प्रेमात पडायला किराणा दुकानात कुणी जात नाही, आणि आम्रपाली तर मुळीच गेली नव्हती.

रत्नागिरीजवळच्या पावसच्या पुढे खाडीकडे उतरणारी एक वाडी आहे, तिच्या तिठ्यावर हे दुकान. पुढे किराणा, मागे काजूबी साठवायची वखार. वाडीच्या शाळेत आम्रपाली सहावी-सातवीला गणित शिकवायची आणि तिच्या वर्गात रोज काहीतरी कापायचं, चिकटवायचं, टांगायचं असे. पुठ्ठ्याचे घन, माडाच्या झावळीतल्या हिरांचे कोन, बाटल्यांच्या लाल-निळ्या बुचांचे धन आणि ऋण. वाडीत लोक म्हणायचे, वर्ग आहे की भंगारवाल्याची गाडी. ते तिच्या कानावर आलं. दुसऱ्याच दिवशी तिने भंगारवाल्याला भर रस्त्यात थांबवून आणखी पिशवीभर बुचं मागून घेतली. असा एकूण स्वभाव.

महिपतशेठने चिकटपट्टी काढली आणि फळीवर ठेवली. हातात नाही, फळीवर. तिच्या आधीच्या बाईला साबण मात्र हातात दिला होता. आम्रपालीने हे पहिल्या महिन्यातच टिपलं होतं. राजापूरकडच्या बौद्धवाडीत वाढलेल्या मुलीला असल्या गोष्टी टिपायला चष्मा लागत नाही. आजवर ती मुकाट्याने फळीवरून उचलत आली होती. त्या दिवशी तिच्या डोक्यात काय आलं कोण जाणे — तिने हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला.

"फळीवर ठेवलीय," महिपतशेठ म्हणाले.

"दिसतंय मला. हातात द्या."

दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती, ती एकदम साखरेच्या डब्यांकडे बघायला लागली. महिपतशेठ पंख्याकडे बघायला लागले. आम्रपालीचा हात अवघडला, पण तिने तो खाली घेतला नाही. कोपरात कळ आली तरी घेणार नव्हती. तेवढ्यात वखारीच्या दारातून अंगावरची धूळ झटकत एक तरुण बाहेर आला, त्याने चिकटपट्टी उचलली आणि सरळ तिच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं तिच्या बोटांना टेकली. काही विशेष केल्याचा आव नाही, काही नाही. "अजून काय देऊ?" त्याने विचारलं.

हा अभय, महिपतशेठचा एकुलता एक मुलगा. मुंबईला एका पॅकिंगच्या कंपनीत होता, वडिलांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा परत आला आणि आल्या आल्या दुकानात इलेक्ट्रॉनिक काटा बसवला. आम्रपालीने त्याला याआधी स्कूटरवरून जाताना पाहिलं होतं. डोळे इतके हसरे असतील याची तिला कल्पना नव्हती. आभार मानावेत, निघून जावं, असं एखादी शहाणी मुलगी करते. पण आम्रपालीची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे वखारीत गेली होती. तिथे भिंतीला एक जुना, मोठा, दोन पारड्यांचा तराजू टांगलेला होता.

"तो," ती म्हणाली. "तो द्याल?"

त्याचं असं झालं होतं. सातवीला समीकरणं सुरू व्हायची होती. पुस्तकात समीकरणाच्या धड्याला तराजूचं चित्र आहे. डावं पारडं उजव्या पारड्याबरोबर, म्हणजे डावी बाजू उजव्या बाजूबरोबर. झकास. पण वर्गातल्या एका मुलाने त्या चित्रावर बोट ठेवून विचारलं होतं, "बाई, हा झोपाळा कसला?" पोरांनी जन्मात तराजू पाहिला नव्हता. त्यांच्या काट्याला आकडे असतात, पारडी नसतात. ज्याने तराजू पाहिला नाही त्याला समीकरण तराजूसारखं असतं म्हणून सांगण्यात काय अर्थ?

अभय हे ऐकून मोकळा हसला. महिपतशेठ हसले नाहीत. तो तराजू वडिलांच्या हातचा आहे, दसऱ्याला त्याची पूजा होते, तो पोरांच्या खेळायला मिळायचा नाही, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता तुम्ही म्हणाल, शाळेत साधनं नसतात का? असतात की. मुख्याध्यापक विनोद सरांच्या कपाटात सरकारकडून आलेली सुंदर गणितपेटी होती, प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट. ती उघडायची नाही, कारण उघडली तर तुकडे हरवणार आणि तुकडे हरवले तर उत्तर कोण देणार? विनोद सर माणूस वाईट नाही. फक्त घाबरून घाबरून त्यांची ती सवय झाली होती. तेव्हा आम्रपालीची साधनं म्हणजे वाडीचा कचरा, आणि त्या कचऱ्यात दुसऱ्या दिवसापासून अचानक चांगल्या चांगल्या वस्तू यायला लागल्या.

पहिल्यांदा आली ती खोकी, काजूच्या पाकिटांची, एका मापाची, कोरी करकरीत. घनफळाला अगदी हवी तशी. अभय स्कूटरवर बांधून घेऊन आला आणि व्हरांड्यात उतरवून म्हणाला, इकडूनच चाललो होतो. शाळेच्या पुढे रस्ता संपतो, तिथे फक्त खाडी आहे. आम्रपालीने ते त्याला सांगितलं नाही. मग आली आंब्याच्या पेट्यांची फळकुटं, मग बारदानाची सुतळी, मग वखारीतल्या फरशीचे तुकडे. प्रत्येक वेळी तो इकडूनच चाललेला असायचा.

"खाडीत रोज काय काम असतं तुमचं?" एकदा तिने विचारलंच.

"खाडीत नाही... खाडीच्या अलीकडे असतं."

"अलीकडे तर शाळाच आहे."

"हो का?" तो म्हणाला. "मग तिथेच असेल."

आम्रपालीने खोक्यात डोकं घातलं, कारण तिच्या चेहऱ्यावर जे काही पसरत होतं ते सातवीच्या वर्गाने बघायचं कारण नव्हतं. वर्गाने ते बघितलं होतंच. मुलांना गणित कळायला वेळ लागतो, असल्या गोष्टींना अजिबात लागत नाही.

माघात, आंब्याला मोहोर धरला होता तेव्हा, ती वर्गाला पुळणीवर घेऊन गेली. ओहोटी लागली की तिथली वाळू पाटीसारखी गुळगुळीत होते. तिला मोठ्ठं वर्तुळ काढायचं होतं, इतकं मोठं की मुलांना त्याच्या आत पळता यावं. अभय सुतळीचा गुंडा पोचवायला आला आणि अर्थातच थांबला. तिने त्याला मधोमध उभा केला, सुतळीचं टोक त्याच्या हातात दिलं. दुसऱ्या टोकाला काठी बांधून ती वाळूवर रेघ ओढत त्याच्याभोवती चालायला लागली. पाय ओल्या वाळूत रुतत होते, वाऱ्याने ओढणी उडत होती, आणि तो जागच्या जागी तिच्याबरोबर वळत होता.

"तुम्ही मध्यबिंदू आहात. मध्यबिंदूने फिरायचं नसतं."

"बघायचं तरी असतं ना?"

"समोर बघायचं."

"समोरच बघतोय मी," तो म्हणाला, आणि सुतळी ताणलेली होती म्हणून बरं, नाहीतर ते वर्तुळ तिथेच वाकडं झालं असतं.

मग मुलांनी वर्तुळाच्या मधोमध आरपार सुतळी धरून कापली आणि ती कडेकडेने पसरत नेली. तीन वेळा पुरली, आणि थोडीशी वाट उरली. पुन्हा केलं, पुन्हा तेवढीच उरली. लहान वर्तुळ काढलं, तरी तसंच. मुलं जो 'बावीस भागिले सात' पाढ्यासारखा घोकत होती तो आकडा पायाखाली सापडला होता. परत येताना अभय म्हणाला की शाळेत तो गणितात नापास होत होता, त्याला कुणी असं वाळूत उभं केलं असतं तर... त्याने वाक्य पुरं केलं नाही. दोघं पोरांच्या मागून सावकाश चालत राहिली, आणि तिला वाटलं, हा रस्ता शाळेपाशी संपतो ही फार वाईट गोष्ट आहे.

तराजू आला तो शिमग्याच्या आदल्या आठवड्यात. महिपतशेठ दवाखान्यासाठी रत्नागिरीला गेले होते. अभयने तो भिंतीवरून काढला, पुसला, साखळ्यांना तेल दिलं आणि शाळेत आणून वर्गाच्या वाशाला स्वतः टांगला. बाबांना सांगीन मी, म्हणाला, तुम्ही शिकवा. एवढा खूष होता की त्याला मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली.

तराजू रिकामा असताना काटा सरळ उभा राहिला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्रपालीने एका पारड्यात कुळथाची पिशवी ठेवली, दुसऱ्यात मुलांना वाळू टाकायला लावली, चिमूट चिमूट, काटा पुन्हा सरळ येईपर्यंत. मग ती म्हणाली, दोन्ही बाजू सारख्या आहेत ना? मग त्यांची अदलाबदल केली तर? काही होणार नाही, वर्ग एका सुरात म्हणाला. दोन्हीकडची वस्तू काढून इकडची तिकडे ठेवली, आणि एक पारडं धाडकन खाली गेलं.

वर्ग हसला. आम्रपाली हसली नाही. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. तिथेच तराजू उतरवून, तो बिघडलाय म्हणून मोकळं होता आलं असतं. मागच्या बाकावर तो बसला होता. पण समोर वर्ग होता. उत्तर चुकलं की का चुकलं ते शोधायचं, हे तिने त्यांना वर्षभर शिकवलं होतं. आता स्वतःच्या सोयीसाठी ती ते विसरणार होती थोडीच.

"का झालं असेल?" तिने विचारलं. "शोधा."

मृणालीने शोधलं. ही पुढच्या बाकावरची बारीकशी, प्रश्न विचारून जीव खाणारी मुलगी. तिने सुतळीने दांडीची एक बाजू मापली, मग दुसरी. एक बाजू बोटभर आखूड निघाली. मग रिकामा तराजू सरळ कसा राहतो? मृणाली बाकावर चढली, तिने आखूड बाजूचं पारडं उलटं केलं. खाली शिशाचा गोळा बसवलेला होता, पारड्याच्याच रंगाने रंगवलेला. आखूड बाजू हलकी पडू नये म्हणून. वरच्या बाजूने तेच पारडं काळंकुट्ट झालं होतं. काजूबीच्या तेलाचे डाग कधी जात नाहीत, हे वाडीतल्या पोरांना कुणी सांगावं लागत नाही. म्हणजे काजू कुठल्या पारड्यात पडत होता, हेही आपोआप कळलं.

"बाई," मृणाली हळू म्हणाली, "आखूड बाजूला बी घातली तर कमी भरणार ना?"

"हो."

"म्हणजे आमची बी..."

"हो," आम्रपाली म्हणाली. तिला मागे बघायचा धीर झाला नाही. बघितलं तेव्हा बाक रिकामा होता.

तिने तास पुरा केला. वाकड्या तराजूवरही खरं वजन कसं काढायचं ते शिकवलं: वस्तू एका पारड्यात ठेवा, समोर वाळूने तोला, मग वस्तू काढा आणि तिच्याच जागी वजनं ठेवा. वस्तूला जी खोट लागली तीच वजनांना लागते, म्हणजे उत्तर बिनचूक. मुलांना तो दिवस आयुष्यभर विसरायचा नाही. तिलाही नाही. तिचे आजोबा राजापूरच्या बाजाराला डोक्यावरून काजूबी नेत आणि कुणाच्यातरी तराजूत घालत. तो तराजू कसा होता, कोण जाणे. त्यांना विचारायची सोय नव्हती, ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

पोरं घरी गेली आणि संध्याकाळपर्यंत वाडीत दुसरा विषय उरला नाही. महिपतशेठ रत्नागिरीहून परतले ते थेट विनोद सरांकडे गेले. शाळा व्यवस्थापन समितीवर महिपतशेठ सदस्य होते, 'शिक्षणप्रेमी' म्हणून. सरकारी कागदावर तसा शब्दच आहे, मी पदरचा घालत नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाईंनी मुलांना सांगावं की तराजू शाळेत टांगताना पडला आणि दांडी वाकली. नाहीतर समिती ठराव करेल, तक्रार पंचायत समितीकडे जाईल आणि बाईंची बदली होईल, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मंडणगडला. दुसऱ्या दिवशी विनोद सर हे तिला सांगताना तीन वेळा पाणी प्यायले. एक वाक्य तर आहे, ते म्हणाले. जुनं कशाला उकरता, आता दुकानात नवीन काटा आहे. तुमचं भलं बघा.

त्या संध्याकाळी ती एसटीच्या थांब्यावर एकटीच उभी होती. पावसला तिची भाड्याची खोली होती. अभय चालत आला, स्कूटर न घेता. डोळ्यांतलं हसू पार गेलं होतं.

त्याने वडिलांना विचारलं होतं. जेवताना, एकदाच. ते जेवत राहिले, म्हणाला. ताटावरून मानही वर केली नाही. त्यावरून त्याला जे कळायचं ते कळलं. आता त्यांनी त्याला बैठकीत यायला सांगितलं होतं. फक्त एवढंच म्हणायचं, की मी दिला तेव्हा तराजू सरळ होता.

"मी तसं नाही म्हणणार," तो म्हणाला. "मी खरं बोलेन. तुमच्यासाठी बोलेन."

आणि आमची बाई भडकली. दुसरी कुणी असती तर विरघळली असती.

"माझ्यासाठी नको."

"म्हणजे...?"

"माझ्यासाठी बोललात तर उद्या माझ्यावर रुसलात की शब्द फिरवाल. मी राहिले काय आणि गेले काय, तराजू वाकडाच आहे. त्याच्यासाठी बोलायचं असेल तर बोला. नसेल तर घरी बसा, मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण उपकार नकोत मला. दुकानात हातावर ठेवलीत ना वस्तू, तेव्हाही मी उपकार म्हणून घेतली नव्हती."

लांबून एसटीचे दिवे दिसायला लागले.

"आणि तुमच्यासाठी... काहीच बोलायचं नाही मी?" त्याने विचारलं.

गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि गाडी वळणापलीकडे गेल्यावर रडली. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. हे तिला त्या खडखडणाऱ्या बसमध्ये लख्ख कळलं आणि तिला स्वतःचा भयंकर राग आला. ज्याच्या बापाला आपण उघडं पाडलं, त्याच्यावरच जीव जडावा, हा काय मेला प्रकार. पण राग आला म्हणून प्रेम काही कमी होईना, आणि प्रेम आहे म्हणून ते एक वाक्य काही तोंडातून निघायचं नव्हतं. डोळे पुसून ती पावसला उतरली तेव्हा तिने ठरवलं होतं, बदली तर बदली.

बैठक सकाळी शाळा भरण्याआधी ठेवली होती, सातवीच्याच वर्गात. तराजू अजून वाशाला टांगलेला होता, काढायची कुणाची छाती झाली नव्हती. समितीच्या अध्यक्ष गंगाताई, म्हणजे मृणालीची आई, खुर्चीवर अवघडून बसल्या होत्या. त्यांच्या घरची बी त्याच वखारीत जात होती. मुलांना मैदानावर पिटाळलं होतं, म्हणजे ती सगळी खिडक्यांना लोंबकळत होती.

विनोद सरांनी घसा साफ करून प्रस्तावना केली. मग म्हणाले, तांबे मॅडम, तुम्हाला काय सांगायचंय ते सांगा आणि विषय मिटवा.

आम्रपाली उभी राहिली. "तराजू शाळेत पडला नाही," ती म्हणाली. "दांडी वाकलेली नाही, तिची एक बाजू आखूडच बनवलेली आहे. खाली शिसं आहे, कुणालाही हात लावून बघता येईल. मी मुलांना यापेक्षा वेगळं सांगणार नाही."

महिपतशेठ म्हणाले, मग मंडणगडला जायची तयारी ठेवा.

"ठेवली आहे. मंडणगडलाही काटकोन नव्वद अंशांचाच असतो."

खिडकीत कुणीतरी खुदकलं. महिपतशेठचा चेहरा लाल झाला. त्यांनी मुलाकडे मान वळवली आणि म्हणाले, तू सांग. तू नेलास तेव्हा तराजू कसा होता?

अभय मागे दाराशी उभा होता. आम्रपालीने त्याच्याकडे बघितलं नाही, मुद्दाम. ती खिडकीबाहेर आंब्याच्या झाडाकडे बघत राहिली. बदलीला ती घाबरत नव्हती. तो आता काय बोलेल, याला घाबरत होती. तो खोटं बोलला असता तर तिने त्याला माफही केलं असतं कदाचित, पण मग त्याच्याकडे पुन्हा कधी बघितलं नसतं.

"वाकडा होता," अभय म्हणाला. "मला माहीत नव्हतं, पण वाकडाच होता. आजोबांच्या वेळेपासून असणार. आमच्या वखारीत ज्यांनी ज्यांनी बी घातली, त्यांना कमीच भरून मिळालं. हे मी आमच्या घरातर्फे सांगतोय."

गंगाताईंनी पदर तोंडाला लावला. महिपतशेठ उठले.

"या बाईपायी बोलतोस तू. बापाची अब्रू घालवतोस, ते हिच्यापायी."

"नाही," अभय म्हणाला. "तराजूचं बोललो ते तराजूपायी. तिच्याबद्दल मला जे बोलायचंय ते वेगळं आहे. ते मी नंतर तिच्याशी बोलीन."

आता इथे कुठलीही मुलगी लाजली असती, खाली बघितलं असतं, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली असती. आम्रपालीही लाजली, खोटं कशाला सांगू, कानापर्यंत लाल झाली. पण ती वळली आणि सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "नंतर कशाला? वाईट गोष्ट सगळ्यांसमोर बोललात. मग चांगली असेल ती कोपऱ्यात का बोलायची?"

"आत्ता? इथे?"

"इथेच. मी कुणाच्या घराच्या मागल्या दाराने जाणार नाही, अभय. त्यापेक्षा मंडणगड बरं."

त्याने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग तो दारातून पुढे आला, बाकांमधून वाट काढत, तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"माझं तुमच्यावर प्रेम आहे," तो म्हणाला. "मला तुमच्याशी लग्न करायचंय. पुढच्या दाराने. बाबा दार उघडणार नाहीत हे मला माहीत आहे... तर मग दुसरं घर बघू. पण तुम्ही हो म्हणालात तर. नाही म्हणालात तरी तराजूबद्दल मी बोललो ते बोललोच."

ते शेवटचं वाक्य तिच्या काळजाला भिडलं. त्याला कळलं होतं. थांब्यावर ती जे बोलली होती ते सगळं त्याला कळलं होतं.

महिपतशेठ बाहेर चालू लागले. दारात थबकले, मुलगा मागून येतोय का ते बघायला. मुलगा हलला नाही. मग ते एकटेच मैदानावरून गेले, आणि पोरांनी त्यांना वाट करून दिली.

विनोद सरांना काय करावं कळेना. त्यांनी सवयीने पाण्याचा तांब्या उचलला, तो रिकामा होता. शाळा भरायची घंटा झाली.

"माझं उत्तर हो आहे," आम्रपाली म्हणाली. शब्द सगळ्यांना ऐकू गेला. मग ती समितीकडे वळली. "आता माझ्या बदलीचं काय ते ठरवा लवकर. सातवीचा तास सुरू व्हायचाय."

गंगाताई खुर्चीवरून उठल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या.

"बदली-बिदली काय नाय," त्या म्हणाल्या. "बाई कुठं जात नायत. आणि अभय, तू भायेर हो बघू, पोरांना आत येऊ दे."